सरकी वर्षभर टिकवायची कशी? डब्यातली मेली, पिशवीतली जगली!

माळ्यावरचा_शेतकरी (१२ मे, रात्री १०:४०)

मंडळी, राहायला कोथरूडला, नोकरी हिंजवडीत, पण जालन्याकडे चार एकर वडिलोपार्जित रान आहे. काका बघतात. त्यातल्या अर्ध्या एकरात हौसेने देशी कापूस लावतो. सरळ (म्हणजे संकरित नसलेलं) वाण असल्यामुळे घरचं बी पुन्हा पेरता येतं.

गावच्या घरात उंदीर फार, म्हणून गेल्या वर्षी जानेवारीत पाच किलो सरकी पुण्यात आणून माळ्यावर ठेवली. जूनमध्ये पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून बघितले, ७८ उगवले. तीन किलो पेरली, उगवण छान आली. दोन किलो उरली. ती यंदासाठी ठेवायची म्हणून जुलैत जरा शास्त्रशुद्ध काम करायला गेलो. एक किलोवरचे तंतू गंधकाम्लाने काढले, पाच पाण्यांनी धुतली, वाळवली, लाल औषध (इमिडाक्लोप्रिड) लावलं आणि झाकणाला रबर असलेल्या हवाबंद डब्यात भरून ठेवली. दुसरी एक किलो कंटाळा आला म्हणून तशीच केसाळ, कापडी पिशवीत राहिली. दोन्ही एकाच माळ्यावर, एकमेकींना खेटून.

गेल्या आठवड्यात दोन्हींचे शंभर-शंभर दाणे लावले. पिशवीतले ५७ उगवले, डब्यातले ११. अकरा!

आता सांगा, तेजाबाने जाळलं, औषधाने मारलं की आणखी काही? काका फोनवर एवढंच म्हणाले, "शिकलेल्या माणसाची शेती."

---

शंकेखोर_सदाशिव (१२ मे, रात्री १०:५५)

शेतीचं नंतर बघू. सोसायटीत तेजाब ओतलंत कुठे? आणि मिळालं कसं? २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून दुकानदार ओळखपत्र बघून नोंदवहीत सही घेतल्याशिवाय देत नाहीत.

---

माळ्यावरचा_शेतकरी (१२ मे, रात्री ११:०२)

ओळखपत्र दाखवून, सही करून, "कशासाठी" या रकान्यात "सरकी" लिहून आणलं. दुकानदाराने चष्मा वर करून माझ्याकडे दोनदा बघितलं. धुवण चुन्याची निवळी घालून मारलं आणि मगच सोडलं. तरी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंच, की तुमच्याकडे बॅटरीचा धंदा सुरू झाला का.

---

वऱ्हाडी_ठेचा (१२ मे, रात्री ११:२०)

तेजाबानंच घात केला भाऊ, दुसरं काही नाही. अहो, ज्यानं फरशी जळते त्यात तुम्ही जीव असलेलं बी टाकलं. आमचा बुढा सरकी शेणाच्या काल्यात चोळे, वरून राख टाके, सावलीत सुकवे. केस अंगाला चिकटून बसत, दाणा दाण्यापासून सुटा होये, की लागले डोबायले. ना तेजाब, ना बादली, ना काकूचा फोन. पराटी (कापसाचं झाड) अशी निघे की नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भराव्या लागत नव्हत्या.

---

बोंडअळी_खरीखुरी (१२ मे, रात्री ११:३१)

वऱ्हाडी भाऊंशी सहमत. केसाळ सरकी ठेवा, कापडी पिशवीत ठेवा, भरपूर ठेवा. दोन दाणे एकमेकांना रेशमाने शिवून मध्ये झोपायला जी मजा येते ती गुळगुळीत बियाण्यात नाही.

---

ओली_माती (१३ मे, सकाळी ७:४८)

वरच्या विनोदात तथ्य आहे, हसून सोडू नका. गुलाबी बोंडअळी सरकीत सुप्तावस्थेत जाते. दोन दाणे चिकटलेले दिसले की फोडून बघायचं, आत बहुतेक ती असतेच. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात तिने कापसाची काय दशा केली ते आठवत असेल. म्हणून तर जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या गिरणीच्या) आवारात पतंगांना वासाने ओढणारे कामगंध सापळे लावायला सांगतात आणि जूनआधी कापूस लावू नका म्हणून कृषी विभाग कानीकपाळी ओरडतो.

मूळ प्रश्नाबद्दल: तेजाबाने बी मरतं हे मला पटत नाही. बाजारातलं बीटी कापसाचं पाकीट फोडा, आतली सरकी गुळगुळीत, तंतू काढलेली, वर औषधाचा थर. साडेआठशे-नऊशे रुपयांचं ते पाकीट उगवतंच की. मग तुमचंच का मेलं?

---

जालन्याचा_जावई (१३ मे, सकाळी ९:१५)

कितव्या वेचणीची सरकी होती? हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून मी विचारतो.

आमच्या सासऱ्यांचा नियम आहे. बियाण्याला दुसरी-तिसरी वेचणी, त्यातही झाडाच्या मधल्या फांद्यांची बोंडं. शेवटच्या फरदडीतली (हंगाम लांबवून घेतलेल्या पिकातली) सरकी थेट ढेपेला, म्हणजे गुरांच्या पेंडीला, बियाण्याला कधीच नाही. आणि बोंड फुटल्यावर पाऊस लागला असेल तर तो कापूस कितीही पांढरा दिसो, त्याची सरकी बी म्हणून ठेवायची नाही. झाडावरच तिचं निम्मं आयुष्य संपलेलं असतं, फक्त आपल्याला ते पुढच्या जूनमध्ये कळतं. एका दिवाळीला त्यांचं ऐकलं नाही, परतीच्या पावसात भिजलेल्या कापसाची सरकी ठेवली. जानेवारीत सत्तरच्या वर उगवत होती, जूनमध्ये निम्मीही नाही. घरात पाण्याचा थेंब लागला नव्हता.

---

माळ्यावरचा_शेतकरी (१३ मे, सकाळी ९:४०)

@जालन्याचा_जावई, दुसरी वेचणी, नोव्हेंबरची, कोरड्यात. रेच्यावर (सरकी काढायच्या हातयंत्रावर) काढलेली. शिवाय दोन्ही भाग एकाच पोत्यातले. त्यामुळे वेचणीचा दोष असता तर दोन्हीकडे सारखा दिसला असता ना?

---

प्राची_गच्चीवाली (१३ मे, दुपारी १:०५)

थोडं अवांतर. आमच्या गच्चीत देवकापूस आहे, आई त्याच्या वाती वळते. त्याच्या बिया एका रांगेत घट्ट चिकटलेल्या निघतात, मूत्रपिंडाच्या आकाराची गोळी असते जणू. ही पण बोंडअळीच का?? आता भीती वाटायला लागली. आणि मागच्या वर्षीच्या बिया कुंडीत लावू का?

---

ओली_माती (१३ मे, दुपारी १:३०)

@प्राची, घाबरू नका. त्या कापसाची बी जन्मतःच तशी असते, जातीचा गुण आहे. अळीने शिवलेले दाणे दोनच असतात, मध्ये जाळं दिसतं. वाती करताना सरकी काढून फेकत असाल तर एक मूठ कागदी पाकिटात ठेवा, मलाही पाठवा.

---

निवृत्त_बीजवाला (१३ मे, संध्याकाळी ६:१०)

बियाणं तपासण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली, आता धायरीत गुलाब लावतो. निकाल देण्याआधी चार प्रश्न.

१. तेजाब किती, किती वेळ?
२. जुलैत वाळवलीत कशी? ऊन होतं का?
३. औषध कोरडं चोळलंत की पाण्यात कालवून?
४. डबा उघडला तेव्हा वास कसा होता?

चौथ्याचं उत्तर नाक आठवून द्या, अंदाजाने नको.

---

माळ्यावरचा_शेतकरी (१३ मे, रात्री ९:२०)

१. किलोला १०० मिली. प्लास्टिकची बादली, लाकडी काठी, साधारण तीन मिनिटं ढवळली. दाणा कॉफीच्या रंगाचा झाला की लगेच भरपूर पाणी. पाच वेळा धुतली, मध्ये एकदा चुन्याची निवळी. तरंगलेले दाणे टाकून दिले.

२. ऊन? जुलैत? कोथरूडात? हॉलमध्ये चादर टाकून पंख्याखाली दोन दिवस. हाताला अगदी कोरडी लागत होती.

३. पाण्यात कालवून. मग अर्धा दिवस पुन्हा पंखा.

४. आठवलं. झाकण उघडल्या उघडल्या आंबूस वास आला होता, इडलीचं पीठ जास्त फुगल्यावर येतो तसा. मला वाटलं औषधाचा असेल.

---

निवृत्त_बीजवाला (१४ मे, सकाळी ६:५०)

दुसरं आणि चौथं उत्तर एकत्र वाचा, तिथेच निकाल आहे.

तेजाबाचं प्रमाण आणि वेळ बरोबर होती. शंका घ्यायला जागा उरते ती वाळवण्यात. तंतू काढलेली सरकी हाताला लवकर कोरडी लागते, कारण ओल धरून ठेवणारे केस गेलेले असतात. पण पाणी कवचाच्या आत शिरलेलं असतं. सरकीच्या जाड टोकाला जिथून पाणी आत जातं ती जागा तेजाबाने आणखी मोकळी होते. म्हणून तर तंतू काढलेलं बी शेतात लवकर फुगतं. तुमच्या पाच धुण्यांत ते प्यायलं आणि पंख्याखाली फक्त वरून सुकलं. पुण्याच्या जुलैत हवाच एवढी ओली की पंखा चार दिवस फिरवला तरी दाण्यातली ओल ठरावीक पातळीच्या खाली उतरत नाही.

प्रमाणित कापूस बियाण्याला साध्या पिशवीत १० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. हवाबंद वेष्टनात भरायचं तर ६. हा फरक उगाच ठेवलेला नाही. कापडातून दाणा श्वास घेतो, थंडीत सुकतो, पावसाळ्यात पुन्हा ओल पितो, असं वर-खाली होत राहतं. बंद डब्यात ओलं बी भरलं की ती ओल वर्षभर तिथेच. तुमचा माळा स्लॅबखाली, एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या आसपास. ओल अधिक उष्णता. सरकीत १८ ते २० टक्के तेल असतं, ते फुटतं, आम्ल सुटतं, दाणा खवट होतो. शेंगदाण्याचं कूट उन्हाळ्यात ओट्यावर विसरल्यावर जे होतं तेच, फक्त इथे आत गर्भ आहे.

एक ढोबळ नियम आम्ही शिकलो होतो: ओलावा एक टक्क्याने कमी केला की बियाण्याचं आयुष्य दुप्पट, तापमान पाच अंशांनी उतरवलं तरी दुप्पट. उलटही तसंच.

कंपन्यांचं पाकीट का टिकतं, हे @ओली_माती यांनी विचारलं. ते तेजाबानंतर गरम हवेच्या यंत्रात ओलावा मोजत वाळवतात. आपल्याकडे पंखा आणि आशा.

आज एक करा. डब्यातले आणि पिशवीतले दहा-दहा दाणे रात्रभर भिजवून ब्लेडने उभे कापा, मेलेल्या दाण्याचा गर तपकिरी दिसतो.

---

वऱ्हाडी_ठेचा (१४ मे, सकाळी ८:३०)

साहेब, तुमचं शिक्षण मान्य. पण मंग आमची शेणाची सरकी पण तर ओलीच होते ना? ते काहून नाही मरत?

---

निवृत्त_बीजवाला (१४ मे, सकाळी ८:५५)

कारण तुमचे वडील ती पेरणीच्या आदल्या दिवशी कालवत होते. वर्षभर डब्यात नाही भरत.

---

वऱ्हाडी_ठेचा (१४ मे, सकाळी ८:५८)

बाप नाही, बुढा म्हणजे आमच्याकडे आजा बी होते. पण हो. आदल्याच दिवशी.

---

शंकेखोर_सदाशिव (१४ मे, सकाळी १०:१२)

म्हणजे औषध निर्दोष? लाल रंग बघूनच मला संशय येतो.

---

ओली_माती (१४ मे, सकाळी ११:४०)

औषध कशासाठी लावतात ते आधी स्पष्ट करू, कारण गावात अर्ध्या लोकांना वाटतं बीजप्रक्रियेने उगवण वाढते. इमिडाक्लोप्रिड मावा-तुडतुड्यांपासून रोपाला पहिला महिना सांभाळतं. थायरमसारखं बुरशीनाशक जमिनीतल्या बुरशीपासून कोंब वाचवतं, त्यामुळे शेतातली रोपं कमी मरतात. पण मेलेला दाणा दोघांपैकी कुणीच उठवत नाही.

आणि क्रम: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी ॲझोटोबॅक्टर नाहीतर पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू). जिवाणू कल्चर पेरायच्या दिवशीच लावायचं. ते जिवंत असतं, डब्यात बसून तुमची वाट बघत नाही. धागाकर्त्याने औषध जुलैत लावलं, पेरणी पुढच्या जूनला. अकरा महिने आधी नवरदेवाला हळद लावल्यासारखं.

---

हिशोबी_हडपसर (१४ मे, दुपारी २:२०)

माझा वेगळाच त्रास. मागच्या हंगामात ओळखीच्या दुकानातून घेतलेलं पाकीट निम्मंच उगवलं. घरी येऊन बघतो तर चाचणीची तारीख जुनी, वैधता संपायला पंधरा दिवस. काही करता येतं का?

---

जालन्याचा_जावई (१४ मे, दुपारी ३:०५)

@हिशोबी_हडपसर, चाचणीपासून ९ महिने वैधता असते, पुन्हा तपासून ६ महिने वाढवता येते. त्यामुळे जुनं बियाणं विकणं हा आपोआप गुन्हा नाही, उगवण प्रमाणाच्या खाली गेली तर आहे. तालुक्याला तक्रार निवारण समिती असते, लगेच अर्ज द्या म्हणजे उगवणीचा पंचनामा रोपं लहान असतानाच होतो. बिल, रिकामं पाकीट आणि मूठभर उरलेलं बी जपून ठेवायचं. ग्राहक आयोगाचा (पूर्वीच्या ग्राहक मंचाचा) रस्ताही उघडा आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियाणं घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे असं स्पष्ट म्हटलंय.

तुमचा हंगाम मात्र गेला. यापुढे तारीख दुकानातच वाचा.

---

निवृत्त_बीजवाला (१४ मे, दुपारी ४:३०)

यात भर. राज्यात बीज परीक्षणाच्या सरकारी प्रयोगशाळा पुणे, नागपूर आणि परभणीत आहेत. शुल्क भरून शेतकऱ्यालाही आपला नमुना तपासून घेता येतो. कापसाला ४०० दाणे लावतात, चौथ्या दिवशी पहिली मोजणी, बाराव्या दिवशी शेवटची. सरळ वाणाला किमान ६५ टक्के लागतात. त्या हिशोबाने धागाकर्त्याची पिशवीसुद्धा नापास आहे बरं का, जगली म्हणून फार कौतुक नको.

---

माळ्यावरचा_शेतकरी (१५ मे, रात्री १०:०५)

कापले.

पिशवीतले दहा: आठ दाण्यांत गर पांढरट-पिवळसर, घट्ट घडी घातलेल्या रुमालासारखा, त्यावर काळे बारीक ठिपके. आधी वाटलं बुरशी. मग वाचलं की ते गॉसिपॉलच्या (कापसातल्या नैसर्गिक विषारी द्रव्याच्या) ग्रंथी, असायलाच हव्यात. दोन तपकिरी.

डब्यातले दहा: नऊ तपकिरी. तीनमध्ये गर बोटाने दाबल्यावर चुरला. वास पुन्हा तोच.

ओट्यावर ब्लेड आणि सरकी बघून बायको म्हणाली, हा माझा चिवड्याचा डबा होता, माहीत आहे ना. मला खरंच माहीत नव्हतं.

---

प्राची_गच्चीवाली (१५ मे, रात्री १०:११)

विष लावलेली सरकी चिवड्याच्या डब्यात????

---

निवृत्त_बीजवाला (१५ मे, रात्री १०:३०)

तो डबा आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. कितीही घासला तरी नाही. उरलेली लाल सरकी ढेपेला, गुरांना, कुणालाच द्यायची नाही. मुलांच्या आणि पक्ष्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी, विहीर-ओढ्यापासून लांब, खोल पुरा. पुरेपर्यंत डबा बंद आणि वर "विष" लिहिलेलं.

---

माळ्यावरचा_शेतकरी (१८ मे, सकाळी ८:१५)

मंडळी, एक नवीन पुरावा सापडलाय.

गेल्या जुलैत तंतू काढलेली थोडी सरकी मुलीने शाळेच्या प्रदर्शनासाठी मागून घेतली होती, औषध लावायच्या आधी. "केसाळ" आणि "बिनकेसाळ" अशी दोन कागदी पाकिटं. प्रदर्शन झालं आणि पाकिटं तिच्या पुस्तकांच्या कपाटात राहिली. चार दिवसांपूर्वी मिळाली. त्याच दिवशीचं तेजाब, तीच पाच पाणी. फक्त डबा नाही, औषध नाही आणि माळ्यावरचा तवाही नाही.

बिनकेसाळ ३० दाणे होते, सगळे लावले. आज चौथ्या दिवशी १४ उगवलेत, तीन अजून फुगलेले दिसतायत.

---

ओली_माती (१८ मे, सकाळी ८:४०)

तेजाब निर्दोष सुटलं म्हणायचं. @वऱ्हाडी_ठेचा, ऐकताय ना?

---

वऱ्हाडी_ठेचा (१८ मे, सकाळी ९:०२)

ऐकून रायलो. पण तीस दाण्यांवर कोर्ट भरवता का बाप्पा? साहेब चारशे म्हणत होते.

---

निवृत्त_बीजवाला (१८ मे, सकाळी ९:४५)

ठेचा म्हणतात ते बरोबर. तीस दाण्यांचा आकडा मी कुठल्याच कागदावर लिहिणार नाही. औषधाचाही फरक आहे या दोन ढिगांत, त्यामुळे ते पूर्ण सुटलं असं म्हणता येत नाही. पण ११ आणि हे इतकं अंतर नुसत्या योगायोगाने पडत नाही. आंबूस वास आणि तपकिरी गर जोडीला घेतले तर माझं मत ओल्या डब्यावरच.

पुढच्या वेळी: तंतू पेरणीच्या आठवड्यातच काढा. साठवायची ती केसाळच, मार्च-एप्रिलच्या सकाळच्या उन्हात पातळ पसरून, दाताखाली कट् आवाज येऊन फुटेपर्यंत वाळवा. चिवट लागली तर परत उन्हात. हवाबंद भरायचीच असेल तर जोडीला सिलिका जेलच्या पुड्या भरपूर टाका, निळ्या मण्यांच्या घ्या म्हणजे गुलाबी झाल्यावर बदलता येतात. मग तो डबा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, नाहीतर दाण्यांवर दव धरतं आणि सगळं मुसळ केरात.

यंदा पिशवीतलीच पेरा. एका जागी तीन दाणे टाका, नांग्या भरायला थोडी प्लास्टिकच्या पिशव्यांत रोपं करून ठेवा.

---

शंकेखोर_सदाशिव (१८ मे, सकाळी १०:२०)

फ्रीजमध्ये सरकी. वहिनींची परवानगी कोण काढणार?

---

माळ्यावरचा_शेतकरी (२२ मे, रात्री ९:५०)

आठव्या दिवसाची मोजणी: ३० पैकी १७. बाराव्यापर्यंत थांबतोय.

काकांना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे वाळवली नव्हतीस." गावात पत्र्याची कोठी आणलीय त्यांनी, उंदरांचा प्रश्न मिटला. यंदाची सरकी पुण्याला येणार नाही असंही कळवलंय.

@शंकेखोर, फ्रीजचा विषय त्यामुळे निघालाच नाही. चिवड्याचा नवा डबा आणला, रबराचं झाकणवाला. जुना लाल अक्षरांत "विष" लिहून गाडीच्या डिकीत आहे, शनिवारी गावी पुरायला.